महादबांच्या दुकानातलं कापड

“कोन गेलं?” महादबा कुंभारांनी विचारलं.

“कुणी नाही,” मी म्हणाले. “तुमच्याकडचं कापड बघायला आलेय.”

महादबांनी हातातलं मडकं जमिनीवर टेकवलं आणि मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. गडहिंग्लजला नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. दर्शनी मडक्यांची उतरंड, भिंतीला टेकवलेले बांबू, कोपऱ्यात सुतळीचे गुंडे आणि वरच्या फळीवर पांढऱ्या कापडाची थानं. लग्नकार्याची खरेदी करायला गावात हवी तेवढी दुकानं होती. मर्तिकाचं सामान मिळण्याचं ठिकाण हे एकच. तिथे सहज म्हणून कुणी जात नसे. आलेल्या गिऱ्हाइकाला महादबा ‘या’ म्हणत नसत, मग निघताना ‘पुन्हा या’ म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

“कुनी गेलं न्हाई, मग कापड कशाला पायजे?”

“फोटो काढताना माणसाच्या मागे लावायला.”

“तू फोटोवाल्या पोतदार नानांची लेक न्हवं?”

“हो. मी कुमुदिनी.”

“नाना बरं हाईत न्हवं? आठ दिस दिसलं न्हाईत.”

“कंबर धरलीय. झोपून आहेत.”

“हां,” महादबा म्हणाले. त्यांच्या धंद्यात असं ‘हां’ फार सावधपणे म्हणावं लागत असावं.

नानांची कंबर खरोखर धरली होती, पण त्यांनी अंथरूण धरलं होतं ते कंबरेमुळे नव्हे. त्या वर्षी दहावीच्या परीक्षेच्या अर्जावर मुलांचे फोटो लावायचे होते, आणि हायस्कूलच्या इंगवले हेडमास्तरांनी निरोप पाठवला होता की फोटोत मागे कोरा पांढरा रंग हवा. चित्रंबित्रं चालणार नाहीत. ही ‘चित्रंबित्रं’ म्हणजे आमच्या स्टुडिओतला पडदा. बेळगावच्या एका पेंटरने आमच्याकडे महिनाभर जेवून तो रंगवला होता. त्यावर संगमरवरी जिना होता, जिन्याच्या पायथ्याशी तळं होतं, तळ्यात हंस आणि वर पौर्णिमेचा चंद्र. अर्ध्या गावाचे लग्नाचे फोटो त्या जिन्याशी उभं राहून निघाले होते. नानांनी निरोप ऐकला, “पडदा नको तर फोटोही नको,” असं म्हटलं आणि ते आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. दाढीसुद्धा करेनात.

एसटी स्टँडजवळ नुकताच एक नवा स्टुडिओ निघाला होता. त्यांची अख्खी भिंतच पांढरी होती. हायस्कूलचं काम हातून गेलं तर दुकानाचा गाळा सोडून द्यायचा आणि मला पुण्याला दादाकडे पाठवायचं, तिथे मी बँकेच्या परीक्षा द्यायच्या, असं घरात ठरल्यात जमा होतं. मी कोल्हापूरहून बी.एस्सी. होऊन आले होते आणि दोन वर्षं स्टुडिओतच रमले होते. फिल्म धुणं, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग घालवणं, प्रिंट कापणं हे सगळं माझ्याकडे होतं. कॅमेऱ्याचं बटण मात्र नानांचं. “माणूस समोर बसला की त्याची जबाबदारी बटण दाबणाऱ्याची,” असं ते म्हणत, आणि ती जबाबदारी त्यांनी एकदाही माझ्याकडे दिली नव्हती. मला पुण्याला जायचं नव्हतं. मला ते बटण हवं होतं.

शनिवारी दुपारी हेडमास्तर येऊन आमची सोय बघणार होते आणि नाही पटली तर त्याच पावली स्टँडकडे जाणार होते. तोवर मला पांढरा पडदा उभा करायचा होता.

स्टुडिओच्या भिंतींना ओल होती, त्यामुळे चुन्याचा उपाय बाद. घरातली पांढरी चादर लावून पाहिली तर ती टेरिलीनची निघाली. दिवा लागला की पत्र्यासारखी चकाके. नानांची दोन धोतरं शेजारी शेजारी शिवली, तर शिवण नेमकी बसणाऱ्याच्या डोक्यातून शेंडीसारखी वर गेली. मांडववाल्याने आनंदाने एक मोठं कापड दिलं, पण त्यावर हळदीचे हात आणि जिलबीचा पाक होता. बाजारपेठेत मोठ्या पन्ह्याचं, बिनशिवणीचं कापड होतं, नाही असं नाही. पण त्याचा भाव ऐकून मी दुकानदाराला चुकून ‘नमस्कार’ म्हणाले आणि बाहेर पडले.

आणि मग एका सकाळी स्टुडिओसमोरून एक अंत्ययात्रा गेली. रस्त्यावरच्या सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, पण खरं सांगायचं तर माझी नजर कापडावर होती. चकाकी नाही. शिवण नाही. आणि पन्हा चांगला रुंद.

हे सगळं मी महादबांना सांगितलं. अंत्ययात्रेचं तेवढं वगळलं.

त्यांनी मान हलवली. “बाई, समदं खरं. पन हे कापड जित्या मानसाच्या पाटीमागं? उद्या एखाद्या पोराला ताप आला तर लोक माझ्या दारात येतील.”

“महादबा, हे थान कुठून येतं?”

“इचलकरंजीस्नं. माझा साडू हाय तिथं मागावर.”

“तिथे याच थानातून उशांचे अभ्रे शिवतात ना?”

“शिवत्यात.”

“त्या उशांवर माणसं झोपतात आणि सकाळी उठतात ना?”

महादबा हसले. मडक्यांच्या उतरंडीआड बसलेला तो माणूस हसताना फार वेगळा दिसला. मला वाटतं दुकानात बसून हसायची त्यांना सवयच राहिली नव्हती. “लई शिकलीस,” म्हणत त्यांनी फळीवरचं थान ओढलं, दातांनी काठाला चीर दिली आणि दोन्ही हातांनी कापड टरकन फाडलं. मर्तिकाच्या कापडाला कात्री लावत नाहीत.

तिथवर सगळं नीट झालं होतं. पुढची चूक माझी आणि मला लहानपणापासून लागलेल्या वळणाची. महादबांनी किंमत सांगितली. ती बाजारपेठेच्या निम्म्यानेही नव्हती, तरीही माझ्या तोंडून, आईबरोबर आठवडी बाजार केलेल्या कुठल्याही मुलीच्या तोंडून निघावं तसं निघालं, “एवढे? काहीतरी कमी करा की!”

“अगं ए! हळू!” महादबा दबक्या आवाजात ओरडले. “हितं भाव करत न्हाईत.”

“का नाही करत? कापडच तर आहे. शेवटचं काय ते सांगा.”

“शेवटचंच हाय की गं हे!” ते कळवळून म्हणाले.

तेवढ्यात रस्त्याने भाजीवाली हौसाक्का डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. तिने महादबांचं दुकान पाहिलं, माझ्या हातातलं कापड पाहिलं, माझं ‘शेवटचं काय ते सांगा’ ऐकलं, आणि पदराचा शेव तोंडाला लावला. मी तिच्याकडे बघून ओळखीचं हसले. माझं हसणं तिला फारच लागलं असावं, कारण ती काही न बोलता लगबगीने बाजाराकडे गेली. कापडाचा भाव कमी झाला नाहीच. महादबांनी मला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं.

घरी येऊन मी ते कापड सोड्याच्या पाण्यात उकळलं, खळ काढली, पिळलं, आणि पुढच्या ओसरीला दोरी बांधून त्यावर वाळत घातलं. दारावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते पांढरंशुभ्र लटकू लागलं.

“कुठून आणलंस गं?” आईने विचारलं.

“इचलकरंजीचं आहे,” मी म्हणाले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

शनिवारच होता तो. हेडमास्तर दुपारी यायचे होते. त्याआधीच दारात दोघे जण येऊन उभे राहिले. एक टांगेवाले बाबूराव, दुसरे रेशनदुकानातले मापारी. त्यांनी टोप्या काढल्या, कापडाकडे पाहिलं आणि ओसरीच्या पायरीवर खाली मान घालून बसले. मला वाटलं, नानांच्या कंबरेची चौकशी करायला आले असतील. मी पाणी नेऊन दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

मग आणखी चौघे आले. मग बायका येऊ लागल्या. आमच्याकडे अशा वेळी कुणी काही विचारत नाही आणि कुणी काही सांगत नाही. येतात, बसतात, जमिनीकडे बघतात. विचारणं वाईट दिसतं. तेवढ्या एका चांगल्या रीतीमुळे तास-अर्धा तास आमच्या ओसरीवर वीसेक माणसं बसून राहिली आणि आत नाना जिवंत आहेत हे बाहेर कुणालाच कळलं नाही.

हौसाक्का आली ती पिठलं-भाकरीची दुरडी घेऊन. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे जेवण आणतात. तिने दुरडी खाली ठेवली, आईच्या गळ्यात पडली आणि मोठ्याने रडू लागली. आईला वाटलं, हौसाक्काच्या घरी काहीतरी झालं. म्हणून आईही रडू लागली. दोघी एकमेकींचं सांत्वन करत होत्या.

“कवा झालं ओ?” हौसाक्का.

“तूच सांग ना बाई, कधी झालं?” आई.

पायरीवर आता हळू आवाजात बोलणी सुरू झाली होती. आतल्या खोलीची खिडकी तिथेच उघडत होती. मी नानांना चहा द्यायला आत गेले तर ते कंबर विसरून उठून बसले होते आणि खिडकीला कान लावून ऐकत होते. त्यांनी मला हाताने गप्प राहण्याची खूण केली.

“मानूस लाखात एक,” बाबूराव सांगत होते. “माझ्या लग्नात मी घाबरून थरथरत हुतो. नाना म्हनालं, बाबू, घोडा बिथरल्यावर त्याला काय म्हनतोस? म्हटलं, हो-हो म्हनतो. म्हनालं, मग स्वतःला म्हन. हसलो, आनि फोटो निघाला.”

“पडदा मात्र...” मापारी म्हणाले.

“व्हय, पडदा मात्र,” दुसरं कुणीतरी म्हणालं. “आमच्या म्हाताऱ्याचा एवढा एकच फोटो. पन त्यो हंस नेमका टोपीवर बसल्यावानी आलाय. हार घालाया गेलं की पोरं हसत्यात.”

“आमच्या आत्तीच्या कानातनं चंद्र उगवलाय.”

“पन बोलायचं कसं? मानूस सोन्यासारखा. पडद्यावर जीव.”

नानांनी खिडकीवरून कान काढला. मला वाटलं, आता ते चिडतील. ते भिंतीवर टेकून बसले आणि त्यांचं पोट हलू लागलं. ते हसत होते.

“बाहेर काय चाललंय कुमे?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“नाना, मला वाटतं, तुम्ही गेलात.”

“ते कळलं. कशाने?”

उत्तर देण्याआधीच ओसरीवरून इंगवले हेडमास्तरांचा आवाज आला. पांढरे कपडे, काळी टोपी, हातात पानात गुंडाळलेला झेंडूचा हार. ते आईला अत्यंत गंभीरपणे विचारत होते, “वहिनी, फोटो कुठे ठेवलाय?”

“कुणाचा?”

“नानांचा.”

“त्यांचा फोटो कुठला आलाय? ते दुसऱ्यांचे काढतात.”

“एकही नाही?” हेडमास्तर हार घेऊन उभेच राहिले. ज्या माणसाने गावातल्या प्रत्येक भिंतीवर कुणी ना कुणी टांगलेलं होतं, त्याच्या स्वतःच्या घरात हार घालायला त्याचा फोटो नव्हता. ही गोष्ट घरातल्यांच्यासुद्धा त्या क्षणापर्यंत ध्यानात आली नव्हती.

“सर,” आतून नाना म्हणाले, “गळा रिकामा आहे. फोटो कशाला शोधता?”

आणि ते कंबरेवर हात ठेवून, आठ दिवसांच्या दाढीनिशी, दारात येऊन उभे राहिले.

हौसाक्काने जी किंकाळी फोडली ती नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनाही ऐकू गेली असेल. बाबूराव पायरीवरून खाली उडाले. मापारींनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मग सगळ्यांचा एकदम कालवा उठला, आणि त्यातून हौसाक्काचं बोट माझ्याकडे वळलं.

“हिनं! ह्या पोरीनं! महादबाच्या दुकानात हुभी राहून कापडाला घासाघीस करत हुती! वर माझ्याकडं बघून हसली! म्हटलं, बाप गेला आनि पोरीचं डोस्कं फिरलं!”

आईने दोरीवरच्या कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हे? हे इचलकरंजीचं?”

मी सगळं सांगितलं. चादर, धोतरं, मांडव, महादबा. कुणी हसलं नाही. आई तर खांब धरून उभी होती. हेडमास्तरांनी कापड जवळ जाऊन पाहिलं, बोटांनी चाचपलं, आणि सुस्कारा टाकला.

“कुमुदिनी, कापड उत्तम आहे. मला हवं होतं तसंच आहे. पण आता हे गावभर झालं. पालकांना कळल्यावर एकही मूल याच्यापुढे बसणार नाही, आणि बसवायचा मलाही धीर नाही. मला स्टँडकडे जावं लागेल.”

इतक्या कष्टाने मिळवलेलं ते कापड वाऱ्यावर फुगत होतं आणि मला पुण्याची गाडी दिसत होती.

नाना हळूहळू दोरीपाशी गेले. कापडाचं टोक त्यांनी दोन बोटांत धरलं, उजेडासमोर धरलं, चुरगाळलं, सोडलं. चाळीस वर्षं उजेड पाहिलेला माणूस होता तो. त्यांना काय दिसत होतं ते मला कळत होतं: चकाकी नाही, शिवण नाही.

हौसाक्का ओशाळून पुढे आली. “नाना, रागावू नका. आनि एक हाय, मेल्याची आवई उठली की मानसाचं आयुष्य वाढतं.”

नानांनी मान वळवली. “पुन्हा म्हण.”

“आयुष्य वाढतं म्हनत्यात. आमची आजी म्हनायची.”

“ऐकलंत, सर?” नाना म्हणाले. “हे कापड माझ्यासाठी आणलं असं सगळ्या गावाने ठरवलंय. म्हणजे ते माझं झालं. मी याच्यापुढे बसतो. उठलो नाही तर तुम्ही स्टँडकडे जा. उठलो, तर माझं आयुष्य वाढवणारं कापड पोरांचं काय वाईट करेल?”

“खरं हाय!” बाबूराव म्हणाले.

“तसं असलं तर,” मापारी घसा खाकरून म्हणाले, “नानांच्या मागोमाग मी बसायला तयार आहे. माझी तब्येत तशी नाजूकच असते.”

“आधी माझा नंबर,” हौसाक्का म्हणाली. “पिठलं मी आनलंय!”

हेडमास्तर टोपी काढून डोकं खाजवू लागले. शिकलेला माणूस होता. एका समजुतीवर दुसऱ्या समजुतीने केलेली मात त्याला मान्य करता येईना आणि नाकारताही येईना. “बघू तरी,” ते म्हणाले.

कापड वाळेपर्यंत सगळ्यांनी ओसरीवर पिठलं-भाकरी खाल्ली. नानांनी सर्वांत जास्त खाल्ली. मग आम्ही स्टुडिओत गेलो. बेळगावचा पडदा खाली घ्यायची माझी हिंमत होईना. तो नानांनी स्वतः उतरवला, हंस आत जाईल असा नीट गुंडाळला आणि कोपऱ्यात उभा केला. त्या जागी मी महादबांचं कापड ताणून बांधलं. दिवे लावले. दारात, खिडकीत माणसांची डोकीच डोकी.

नाना सवयीप्रमाणे कॅमेऱ्यामागे गेले. आत पाहिलं. रिकामं स्टूल आणि मागे पांढरं. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. मग येऊन स्टुलावर बसले, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही त्याच क्षणी आलं.

“बटण कोण दाबणार?” हेडमास्तरांनी विचारलं.

नाना उठायला लागले, पुन्हा बसले. एकाच वेळी दोन्हीकडे असता येत नाही, एवढी साधी गोष्ट. पण इतक्या वर्षांत ती त्यांच्यावर आलीच नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“दाबेल ती,” ते म्हणाले.

मी कॅमेऱ्यामागे गेले. काचेत नाना होते. वाढलेली दाढी, मोठे कान, स्वतःचे हात कुठे ठेवावेत हे न कळलेले. “नाना, स्टूल एक पाऊल पुढे घ्या.”

“मागेच बरं आहे.”

“कापडावर सावली पडतेय.”

त्यांनी मागे वळून पाहिलं. सावली पडत होती. त्यांनी मुकाट्याने स्टूल पुढे सरकवलं.

“हनुवटी खाली, नाना!” दारातून बाबूराव ओरडले.

“खांदे ढिले सोडा!”

“श्वास रोखू नका, मरायचं न्हाई तुमाला आज!”

सगळं गाव हसलं आणि नानाही हसू लागले. ते हसू ओसरत असताना, ते पुरतं जायच्या आधी, मी बटण दाबलं.

हसणं थांबलं. हेडमास्तर दोन पावलं पुढे आले, जणू नाना उठतात की नाही हे त्यांना जवळून पाहायचं होतं. नाना उठले, कंबरेवर हात ठेवून सरळ झाले, पण स्टुलापासून हलले नाहीत.

“एकच काढलास? डोळे मिटले असतील माझे.”

“नाही मिटले.”

“तुला काय माहीत? फिल्म धुतल्याशिवाय?”

“मी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते, नाना. तुमच्याकडे बघत होते.”

नानांनी स्टुलावरची न दिसणारी धूळ खांद्यावरच्या पंच्याने झटकली आणि बाजूला होऊन, गर्दीतून हळूच पुढे सरकत, केस सारखे करत येणाऱ्या हेडमास्तरांना वाट करून दिली.

“मग पुढच्याला बसव,” ते म्हणाले.